काळ्या मातीवरचे शहर मिलिमीटरमध्ये: सांगलीसाठी उपग्रह-रडार मोजणीची कार्यपद्धती

मे महिन्यात घराच्या भिंतीला तिरपी भेग पडते, घरमालक गवंड्याला बोलावतो, गवंडी ती सिमेंटने बुजवतो आणि ऑगस्टपर्यंत सगळे ठीक वाटू लागते. पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग त्याच जागी पुन्हा तोंड उघडते. सांगलीत हा प्रकार नवा नाही. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. ते पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आटते, त्यामुळे उथळ पायाचे घर दरवर्षी थोडे वर येते आणि थोडे खाली जाते. खरा प्रश्न पुढचा आहे. घर दर पावसाळ्यानंतर पूर्वीच्याच पातळीवर परत येते, की प्रत्येक फेरीत थोडे थोडे खालीच राहते? पहिल्या प्रकारात भेगेची डागडुजी पुरते, दुसऱ्या प्रकारात पायाचा विचार करावा लागतो.

एका भेगेकडे पाहून हा निवाडा करता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नियमित नोंदी लागतात आणि त्या कुणी ठेवलेल्या नसतात. उपग्रह-रडारचा उपयोग इथे होतो, कारण ज्या इमारतीला कधी कुणी लेव्हल, म्हणजे पातळी मोजण्याचे यंत्र, लावलेले नाही, तिच्याही मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी संग्रहात पडून आहेत आणि त्या विनामूल्य मिळतात. संगणकाची बरी ओळख असलेल्या स्थापत्य अभियंत्याला किंवा भूगोल, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम स्वतः करता यावे, अशा बेताने पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

नेमके काय मोजले जाते

युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-१ए हा उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सोडण्यात आला. सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून तो सुमारे ५.५ सेंटीमीटर लांबीच्या रडार-लहरी तिरक्या दिशेने जमिनीवर सोडतो आणि परत आलेल्या लहरीची तीव्रता व फेज, म्हणजे पाठ्यपुस्तकातली ‘कला’, नोंदवतो. दर १२ दिवसांनी तो जवळजवळ त्याच मार्गावरून पुन्हा जातो. दोन फेऱ्यांतल्या फेजची वजाबाकी केली की इंटरफेरोग्राम मिळतो. लहर जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापत असल्यामुळे जमीन उपग्रहापासून अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर, दूर गेली की फेजचे एक पूर्ण चक्र होते. चक्राचा विसावा-तिसावा हिस्सा ओळखता येतो, म्हणून मिलिमीटरची भाषा शक्य होते.

फेज म्हणजे केवळ मिनिटकाटा असलेले घड्याळ होय. मिनिटे अचूक कळतात, पण तास किती झाले ते कळत नाही. पूर्ण चक्रे मोजून तास ठरवण्याच्या कामाला अनरॅपिंग म्हणतात, आणि निम्म्या चुका त्यातच होतात.

दुसरी गोष्ट दिशेची. रडार तिरके पाहते, त्यामुळे मिळणारा आकडा सरळ खाली-वरचा नसून उपग्रहाच्या दृष्टिरेषेवरचा असतो. सेंटिनेलच्या नेहमीच्या पद्धतीत हा कोन उभ्या रेषेपासून साधारण २९ ते ४६ अंश असतो. कोन ३९ अंश असेल आणि हालचाल केवळ उभी आहे असे गृहीत धरले, तर दृष्टिरेषेवरच्या ७ मिलिमीटरला ०.७७७ ने भागून ९ मिलिमीटर उभी हालचाल मिळते. हे गृहीतक अहवालात स्पष्ट लिहावे. दक्षिणोत्तर सरकणे या उपग्रहांना जवळजवळ दिसतच नाही, हेही लिहावे.

पहिली पायरी: प्रतिमा निवडणे

कोपर्निकस डेटा स्पेस किंवा अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटी यांच्या संकेतस्थळावर खाते उघडावे आणि सांगलीचे अक्षांश-रेखांश, म्हणजे सुमारे १६.८५ उत्तर व ७४.५८ पूर्व, देऊन शोध घ्यावा. आयडब्ल्यू, म्हणजे रुंद पट्ट्याच्या पद्धतीच्या, एसएलसी प्रतिमाच घ्याव्यात; त्यांत फेज राखलेली असते, तर केवळ तीव्रतेच्या दुसऱ्या प्रकारात ती फेकून दिलेली असते. मार्ग क्रमांक आणि जाण्याची दिशा एकच असावी. उत्तरेकडे जाणारी फेरी सायंकाळी सहाच्या सुमारास होते, दक्षिणेकडे येणारी पहाटे सहाच्या सुमारास. दोन्ही दिशांच्या पुरेशा प्रतिमा मिळाल्या तर उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी करता येते; पण आधी यादी उघडून कोणत्या दिशेची मालिका अखंड आहे ते पाहावे आणि तिच्यापासून सुरुवात करावी. सेंटिनेल-१बी हा जोडीदार डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि १सी डिसेंबर २०२४ मध्ये सोडला गेला, त्यामुळे मधल्या काळात काही ठिकाणी खंड दिसला तर गोंधळून जाऊ नये.

वर्षाला १२ दिवसांच्या हिशेबाने सुमारे ३० प्रतिमा मिळतात. स्थिर बिंदूंच्या पद्धतीला किमान २० ते २५ प्रतिमा लागतात असे म्हणतात, परंतु काळ्या मातीच्या शहरासाठी हा निकष अपुरा आहे. मी चार पूर्ण वर्षांपेक्षा कमी मालिका हातात घेत नाही. २५ प्रतिमांमध्ये एक वर्षही पुरते बसत नाही, आणि एका वर्षात मातीचा श्वास, म्हणजे तिचे फुगणे-आटणे, दिसेल, घराचे खचणे दिसणार नाही.

एक एसएलसी फाइल चार-पाच गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी असते आणि तिच्यात २५० किलोमीटर रुंदीचा पट्टा असतो. आपल्याला त्यातला एखादा बर्स्ट, म्हणजे लहानसा तुकडा, पुरेसा होतो. बर्स्टनिहाय उतरवण्याची सोय आता आहे. घरच्या इंटरनेटवर काम करणाऱ्याने तीच वापरावी.

दुसरी पायरी: पद्धत ठरवणे

दोन घराणी आहेत. इटलीतल्या मिलान येथील संशोधकांनी २००० च्या आसपास मांडलेली पर्सिस्टंट स्कॅटरर, म्हणजे कायमस्वरूपी परावर्तकांची पद्धत, वर्षानुवर्षे तशीच चमक देणारे बिंदू निवडते: गच्चीचा कठडा, लोखंडी जिना, पत्र्याची शेड, विजेचा मनोरा. २००२ मध्ये मांडली गेलेली एसबास पद्धत जवळजवळच्या तारखांच्या जोड्या घेऊन शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढते आणि शहराबाहेरच्या विरळ भागातही काहीसे उत्तर देते.

एकेका इमारतीचा प्रश्न असेल तर पहिली, वस्तीचा किंवा भरावाच्या पट्ट्याचा प्रश्न असेल तर दुसरी. नवख्याने दुसरीपासून सुरुवात करावी. अलास्काच्या हायपीथ्री सेवेवर दर महिन्याच्या मोफत कोट्यात इंटरफेरोग्राम त्यांच्याच संगणकावर तयार करून मिळतात. बर्स्टच्या जोडीसाठी २० मीटरचा पिक्सेल निवडता येतो. ते उतरवून, त्यांतून तारखांवार हालचालीची मालिका काढणाऱ्या मिंटपाय या मुक्त संगणक-प्रणालीत घालावेत. स्थिर बिंदूंसाठी स्नॅप आणि स्टॅम्प्स या संगणक-प्रणालींची जोडी बरीच वापरात आहे, मात्र ती बसवण्यातच पहिले चार दिवस जातात.

सांगलीभोवतीच्या उसाकडून काहीही अपेक्षा ठेवू नये. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, वाऱ्यावर हलतो, वाढतो, तुटतो. साडेपाच सेंटीमीटरच्या लहरीला प्रत्येक फेरीत वेगळेच पान भेटते. नकाशावर शहर हे हिरव्या समुद्रातल्या बेटासारखे दिसते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहाची सुमारे २४ सेंटीमीटरची लहर पानांतून अधिक आत जाते, त्यामुळे शेतीकडचा भाग पुढे तिच्यावर सोपवता येईल. मागच्या वर्षांचा हिशेब मात्र सेंटिनेलकडेच मागावा लागतो.

तिसरी पायरी: जोड्यांचे जाळे

प्रत्येक प्रतिमा पुढच्या तीन-चार प्रतिमांशी जोडावी, म्हणजे १२, २४, ३६ आणि ४८ दिवसांच्या जोड्या होतात. एवढ्यावर थांबण्याचा मोह होतो, कारण त्या सर्वांत स्वच्छ दिसतात. परंतु मातीतल्या ओलाव्याचा आणि पालवीचा परिणाम अल्पकाळाच्या जोड्यांमध्ये एकाच दिशेने साठत जातो आणि काही वर्षांत खोटे खचणे किंवा खोटे उचलणे तयार होते. म्हणून जवळपास एक वर्षाच्या जोड्या, विशेषतः एका उन्हाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या, जाळ्यात जरूर घालाव्यात. मार्चची मार्चशी जोडी घातली की दोन्ही वेळी माती साधारण सारखीच कोरडी असते.

महापुराच्या तारखा वेगळ्या काढाव्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. जुलै २०२१ मध्येही सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीत पाणी होते. रस्त्यावर पाणी असताना रडारची लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत अशी वेगळ्याच वाटेने येते. अशी प्रतिमा जोडीत राहिली तर ती पुढच्या-मागच्या तारखांनाही बिघडवते. हायपीथ्रीवर जोड्या मागवण्याआधीच ती यादीतून खोडावी.

चौथी पायरी: संदर्भबिंदू

या लेखातून एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचावा. रडार निरपेक्ष उंची सांगत नाही, एका ठरवलेल्या बिंदूच्या तुलनेत बाकीचे किती हलले तेवढेच सांगते. तो बिंदूच खचत असेल तर सारे शहर वर उचललेले दिसते.

माझ्या पहिल्या कामात मी मिरजेच्या बाजूची एक मोठी पत्र्याची शेड संदर्भ म्हणून घेतली होती, कारण तिचा कोहेरन्स, म्हणजे दोन प्रतिमांमधला फेजचा मेळ, उत्तम होता. नकाशा काढला तर सांगली दरवर्षी काही मिलिमीटर वर येत होती. नदीकाठचा गाळ कोणत्या कारणाने वर येईल, याची स्पष्टीकरणे मी दोन दिवस मनातल्या मनात रचत बसलो. तिसऱ्या दिवशी दुचाकी घेऊन शेड पाहायला गेलो. ती एका जुन्या खाणीत मुरूम टाकून बुजवलेल्या जागेवर उभी होती आणि जोत्याच्या कडेला फरशी बोटभर खाली गेलेली होती. चमक आणि स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या फरशीने शिकवले.

तेव्हापासून मी संदर्भ बसाल्टवर शोधतो. दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला किंवा जिथे विहीर खोदताना काही फुटांवरच काळा दगड लागतो अशा वस्तीत, जुने दगडी किंवा आरसीसी बांधकाम पाहावे. एकाऐवजी असे तीन बिंदू घ्यावेत आणि त्यांची आपसांतली मालिका काढावी. तिघांत फरक पडत नसेल तर त्यांच्यापैकी एक संदर्भ म्हणून चालेल. डोंगराच्या अगदी वर जाऊ नये, कारण उंचीतल्या फरकामुळे हवेतल्या बाष्पाची चूक वाढते. मिंटपायमध्ये हा बिंदू अक्षांश-रेखांशाने देता येतो. दिला नाही तर प्रणाली चांगल्या कोहेरन्सचा बिंदू स्वतःच निवडते, म्हणजे माझी शेड पुन्हा निवडली जाण्याचा धोका असतो.

पाचवी पायरी: चुका गाळणे

अनरॅपिंगची चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. मालिकेत सरळ रेषा चाललेली असताना एका तारखेला बरोबर २८ मिलिमीटरची पायरी दिसली आणि पुढे रेषा पुन्हा पूर्ववत चालू राहिली, तर जमीन खचलेली नाही, चक्र मोजताना एक तास चुकलेला आहे. तीन तारखांच्या तीन जोड्यांची फेज बेरीज-वजाबाकीत शून्याच्या जवळ यायला हवी. जिथे ती पूर्ण चक्राने चुकते, त्या जोड्या दुरुस्त कराव्यात किंवा काढाव्यात. नदी ही इथली मोठी अडचण आहे. पात्रातून फेज मिळत नाही, त्यामुळे सांगली आणि सांगलवाडी या दोन काठांचे तुकडे एकमेकांशी चुकीच्या चक्राने जोडले जाऊ शकतात. सांगलवाडीचा प्रश्न असेल तर संदर्भ त्याच काठावर घ्यावा.

हवेतल्या बाष्पामुळे पावसाळी प्रतिमेत काही सेंटीमीटरची चूक सहज येते. ईआरए५ हे हवामान-प्रतिमान किंवा गॅकोस ही बाष्प-दुरुस्तीची सेवा वापरून ती कमी करता येते, परंतु शहराच्या आतल्या आत ही प्रतिमाने फार भरड ठरतात. इथे छोट्या शहराचा फायदा घ्यावा. एकमेकांपासून २०० मीटरवर असलेल्या दोन घरांवरची हवा जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे त्यांच्या मालिकांची वजाबाकी केली की बाष्प बहुतांशी निघून जाते. दोन शेजाऱ्यांतला फरक हाच सर्वांत विश्वासार्ह आकडा असतो.

उंच इमारतीचे तापमान विसरू नये. काँक्रीट आणि पोलाद अंशामागे लांबीच्या साधारण १० ते १२ दशलक्षांश भागाने वाढते. ३० मीटर उंचीच्या इमारतीचा माथा तापमानात १० अंशांचा फरक पडला तरी सुमारे साडेतीन मिलिमीटर वर-खाली होतो. सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या नव्या उंच इमारती उन्हाळ्यात ‘वर’ येताना दिसल्या तर ते मातीचे काम नव्हे. उलट उथळ पायाची बैठी घरे त्याच महिन्यांत ‘खाली’ जाताना दिसतील. दोन्ही एकाच नकाशावर असताना वाचणाऱ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, म्हणून इमारतींचे उंचीनुसार दोन गट करून वेगळे रंगवावेत.

सहावी पायरी: श्वास आणि खचणे वेगळे करणे

प्रत्येक बिंदूच्या मालिकेवर दोन गोष्टी एकदम बसवाव्यात: वर्षाला एक फेरी घेणारी लाट आणि सरळ रेषा. लाटेची उंची म्हणजे मातीचा श्वास, रेषेचा उतार म्हणजे खचण्याचा वेग. मिंटपायमध्ये वार्षिक आवर्तन हा पर्याय निवडला की दोन्ही एकत्र निघतात. पर्याय निवडला नाही तर केवळ रेषा बसते आणि लाटेचा काही भाग रेषेत मिसळतो.

समजा एका घराची लाट शेंड्यापासून तळापर्यंत १६ मिलिमीटरची आहे आणि ते मुळीच खचत नाही. तुमची मालिका ऑक्टोबरमध्ये, म्हणजे माती फुगलेली असताना, सुरू झाली आणि अडीच वर्षांनी एप्रिलअखेर संपली. दोन टोके सरळ जोडली तर वर्षाला ६.४ मिलिमीटर खचण्याचा आकडा निघेल, आणि तो निव्वळ तारखांचा खेळ असेल. म्हणून मालिका नेहमी ज्या महिन्यात सुरू झाली त्याच महिन्यात संपवावी. मी जानेवारीची मर्यादा टाळून जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पुढच्या जूनपर्यंत वर्ष धरतो. शेतकरी धरतो तेच वर्ष मातीलाही लागू पडते.

लाटेचा आकारही पाहावा. खरी लाट पावसाच्या महिना-दोन महिने मागे चालते, कारण पाणी मुरायला वेळ लागतो. पाऊस पडताक्षणी उसळणारी लाट बहुधा हवेची असते. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी साचून राहते. तिथली लाट उशिरा उतरली तर आश्चर्य मानू नये. एखाद्या घराची लाट शेजाऱ्यांपेक्षा बरीच मोठी असेल, तर आधी तिथे शोषखड्डा, गळकी जलवाहिनी किंवा भिंतीला टेकून लावलेले मोठे झाड आहे का ते पाहावे.

सातवी पायरी: आकड्यावरून इमारतीकडे

इमारत एकसारखी खाली गेली तर तिला फारसे काही होत नाही; एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त गेला की ती तडकते. म्हणून दोन बिंदूंतला फरक त्यांच्यातल्या अंतराने भागावा. हे गुणोत्तर १/३०० च्या आसपास गेले की आतल्या भिंतींना भेगा पडू लागतात, आणि सावध आराखड्यात १/५०० ही मर्यादा धरली जाते. पाच मीटर अंतरावरच्या दोन खांबांसाठी १/५०० म्हणजे १० मिलिमीटर.

इथेच सेंटिनेलची मर्यादा आडवी येते. त्याचा पिक्सेल एका दिशेने सुमारे ५ मीटर आणि दुसऱ्या दिशेने सुमारे २० मीटरचा असतो, त्यामुळे गावभागात एका पिक्सेलमध्ये दोन घरे आणि मधला बोळ सहज मावतात. बिंदूचे नकाशावरचे स्थानही काही मीटरने सरकलेले असू शकते. त्यामुळे ‘अमुक खांब खचतो’ असे या प्रतिमांवरून कधीही लिहू नये. ‘या गल्लीच्या पश्चिम बाजूचे बिंदू पूर्व बाजूपेक्षा वर्षाला इतके जास्त उतरतात’ एवढेच लिहावे. मालिकेच्या मध्येच घरमालकाने वरचा मजला चढवला किंवा गच्चीवर सौर बंब बसवला तर परावर्तक बदलतो आणि मालिका तिथे तुटल्यासारखी दिसते. हा तपशील कोणत्याही प्रणालीत नसतो, तो शेजारच्या दुकानदाराला विचारूनच कळतो.

आठवी पायरी: प्रत्यक्ष जागेवर

संशयास्पद पट्टा निघाला की डिजिटल लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे तिची उभी मोजपट्टी, घेऊन जावे. पट्ट्यात चार-पाच आणि पट्ट्याबाहेर दोन ठिकाणी जोत्याच्या दगडात पितळी खिळा ठोकून पातळी घ्यावी, खिळ्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि फेरी जिथे सुरू केली तिथेच बंद करावी. पहिले वाचन मे महिन्याच्या अखेरीस, दुसरे ऑक्टोबरच्या मध्यात आणि तिसरे पुढच्या मे महिन्यात घ्यावे. मे ते ऑक्टोबरचा फरक रडारच्या लाटेशी आणि मे ते मेचा फरक रडारच्या रेषेशी ताडून पाहावा. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख लिहावी. स्वस्त आणि जुना उपाय आहे, पण काच तडकली की वादच उरत नाही.

हरिपूरकडे काम असेल तर एक चौकशी जास्त करावी. तिथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे करण्याची परंपरा आहे आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून अनेक पेवांचे नुकसान झाले. बुजवलेले पेव रडारला दिसत नाही. वरची जमीन बसू लागेपर्यंत त्याचा मागमूस लागत नाही. एखादा एकटाच बिंदू आजूबाजूच्या सर्वांपेक्षा वेगळा उतरत असेल, तर प्रणालीतली चूक शोधण्याआधी त्या जागेवर पूर्वी काय होते हे तिथल्या एखाद्या आजोबांना विचारावे, आणि त्यांनी दाखवलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर घेऊन नकाशावर टाकून पाहावेत.